'द बँड'चा तपकिरी अल्बम: बारा गाणी आणि श्रेयाचं भिजत घोंगडं

'द बँड' या पाच जणांच्या रॉक गटाचा, गटाच्याच नावाचा दुसरा अल्बम सप्टेंबर १९६९मध्ये आला. कव्हरच्या तपकिरी रंगामुळे चाहत्यांमध्ये तो 'ब्राउन अल्बम' म्हणूनच ओळखला जातो. गटाची टोरांटोच्या बारमधली वर्षं, गायक बॉब डिलनबरोबरच्या १९६५-६६च्या दौऱ्यातली हुर्यो, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळचं तालमीचं गुलाबी घर हे सगळं रसिकांना पाठ आहे.

पहिला अल्बम मोठ्या स्टुडिओंत झाला होता. या वेळी मात्र एकमेकांच्या डोळ्यांत बघत वाजवता यावं असा पाचही जणांचा हट्ट होता. म्हणून १९६९च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या टेकड्यांवर एक बंगला भाड्याने घेतला आणि तिथल्या पोहण्याच्या तलावालगतच्या खोलीत रेकॉर्डिंगची यंत्रणा मांडली. बहुतेक गाणी तिथेच झाली, उरलेली न्यूयॉर्कमध्ये.

यातलं 'रॅग ममा रॅग' हे गाणं नीट कान देऊन ऐकावं. ड्रमवर पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल, ड्रमर लेव्हॉन हेल्म मँडोलिन वाजवत गातोय, बेसवाल्या रिक डँकोच्या हातात फिडल (व्हायोलिन), ऑर्गनवाला गार्थ हडसन पियानोवर. बेस गिटार नाहीच. खालचे सूर अल्बमचा निर्माता ट्युबा या पितळी फुंकवाद्यावर भरतोय. गाण्याची सगळी गंमत या अदलाबदलीत आहे. गीतकार-संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या गिटारवादकाचं, रॉबी रॉबर्टसनचं.

खरा तिढा इथेच आहे. अल्बममधली बाराही गाणी त्याच्या नावावर आहेत: आठ एकट्याची, तीन पियानोवादकाबरोबर, एक ड्रमरबरोबर. आधीच्या अल्बममध्ये याच पियानोवादकाची तीन गाणी एकट्याची होती. तिसऱ्या अल्बमात त्याच्या वाट्याला दोन सहश्रेयं आली आणि त्यानंतर नव्या गाण्यांवरून त्याचं नाव गेलंच.

कायदा सरळ आहे. शब्द आणि चाल ज्याची, गाणं त्याचं. तालाची वळणं, मधले तुकडे, गळ्यातली लकब हे सगळं 'वादन' या सदरात जातं आणि गाण्याच्या मालकीची रॉयल्टी तिथवर पोचत नाही. पण एका खोलीत पाच जण एकमेकांच्या हातातली वाद्यं घेऊन गाणं घडवतात, तेव्हा चाल कुठे संपते आणि वादन कुठे सुरू होतं?

ड्रमरने १९९३च्या आत्मकथनात श्रेयाबद्दलचा राग उघड मांडला. पाचांत अमेरिकेच्या दक्षिणेतला, आर्कान्सॉचा तो एकटाच. बाकी चौघे कॅनडाचे. अल्बममधल्या अमेरिकन यादवी युद्धावरच्या गाण्यासाठी गिटारवादकाला ग्रंथालयात आपणच नेलं, असं तो सांगतो. गिटारवादकाचं उत्तर असं, की लिहायला बसण्याचे कष्ट मी घेतले, इतरांना सांगूनही ते बसले नाहीत. त्यात तथ्य असेलही. पण अल्बमभर ऐकू येणारी दक्षिणेची माती टोरांटोत सापडणारी नव्हती.

१९७६च्या निरोपाच्या मैफलीनंतर दुरावा वाढतच गेला. १९८३मध्ये गट पुन्हा उभा राहिला, तो गिटारवादकाशिवाय. १९९४मध्ये गटाचा सन्मान करणाऱ्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या सोहळ्याला ड्रमर गेला नाही. २०१२मध्ये तो वारला, २०२३मध्ये गिटारवादक आणि जानेवारी २०२५मध्ये शेवटचा उरलेला ऑर्गनवादकही. मधल्या काळात, २०१९मध्ये, पन्नास वर्षांनिमित्त हा अल्बम नव्याने मिक्स होऊन आला. त्यातही 'रॅग ममा रॅग'पुढे ते एकच नाव आहे.