पंपाच्या त्या दोन खुंट्या: जुन्या सायकलीला फ्रेमवरचा पंप आला कुठनं

आजोबांची रॅले सायकल रंगवायला दिली होती, सांगलीतच, आणि मी वेळेवर पोचलो म्हणून बरं, नाहीतर पेंटरने ग्राइंडर चालू केलाच होता. सीटच्या पाईपवर पुढच्या बाजूला वर एक आणि खाली एक अशी दोन बारीक टोकं आहेत, त्याला वाटलं झाळकामाचे उरलेले थेंब आहेत, घासून साफ करून टाकू. म्हटलं थांब बाबा, त्या पंपाच्या खुंट्या आहेत. तो म्हणाला, मग पंप कुठंय? पंप मी जन्मात बघितलेला नाही. आजोबांना विचारायची सोय नाही आणि वडिलांना आठवतं ते एवढंच की हवा कोपऱ्यावरच्या दुकानात मारायची, स्वतः मारली तर फुकट.

मग पंप घ्यायचाच म्हणून शोधायला लागलो. आता सांगली भागात पंप म्हटलं की समोरचा विचारतो किती एचपीचा. त्यात गंमत अशी की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून, पुढे औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि ते नाव जगभर गेलं ते पंपांसाठी, फक्त ते विहिरीवरचे.

तेच 1888 साल सायकलच्या हवेचंही आहे. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता, त्याने पोराच्या तीनचाकीला हवेचा टायर करून दिला आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. हवा भरायला वेगळा पंप कुठला असणार, फुटबॉलचा पंप वापरला. पुढे दोनच वर्षांत कळलं की रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलंय, मग डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

पण डनलॉपच्या त्या सुरुवातीच्या टायरला जवळ पंप बाळगून काही उपयोग नव्हता, कारण टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर झालं की सोडवायचा, ठिगळ लावायचं, परत चिकटवायचा, सुकायची वाट बघायची, म्हणजे दिवस गेला. 1890 ला वेल्चने कडेला तार घातलेला टायर काढला आणि 1891 ला मिशेलिनने सुटा होणारा टायर आणला, त्याच वर्षी शार्ल तेरॉं हा सायकलपटू त्या टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत जिंकला, आणि मग चित्रच पालटलं. आता माणूस रस्त्याच्या कडेला बसून स्वतः पंक्चर काढू शकत होता. ट्यूब बाहेर काढता येते, ठिगळ लावता येतं, मग हवा? म्हणून पंप सायकलवरच पाहिजे. फ्रेमवरचा पंप जन्माला आला तो टायर सुटा झाला म्हणून, हे मला तरी लई उशिरा कळलं.

पंप ठेवायचा कुठे? फ्रेमच्या त्रिकोणात, एवढी लांब मोकळी जागा दुसरीकडे नाहीच. इंग्लिश कारखान्यांनी पाईपला दोन खुंट्या पितळेने झाळून द्यायला सुरुवात केली, कुणी सीटच्या पाईपवर, कुणी खालच्या पाईपवर, कुणी मधल्या दांडीखाली. पंपाच्या दोन्ही टोकांना खोलगट बुड असतं आणि दांड्यात स्प्रिंग, पंप थोडा दाबायचा, खुंट्यांमध्ये बसवायचा, सोडायचा, घट्ट. खडबडीत रस्त्यावर पण हलत नाही. ज्या फ्रेमला खुंट्या नाहीत तिला पत्र्याचे क्लिप मिळायचे, स्क्रूने आवळायचे (लावणार असाल तर खाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला, रंग वाचतो). क्लिप घेताना पाईप मोजा, जुन्या इंग्लिश सायकलींची दांडी साधारण 1 इंचाची असते आणि सीटचा पाईप सव्वा इंचाला थोडा कमी, 1 इंच आणि वर 1 सूत, म्हणजे दांडीचा क्लिप सीटच्या पाईपला बसत नाही.

या सगळ्यात माझं मन जिंकलं ते ब्लूमेल्सने. कॉव्हेंट्रीजवळ वुल्स्टन नावाचं गाव आहे तिथली कंपनी, सेल्युलॉइडचे पंप करायची, पांढरे, काळे, रंगीत. लोखंडी पंपापेक्षा एकदम हलके. आता सेल्युलॉइड म्हणजे काय तर कापूस ॲसिडमध्ये मुरवून केलेला पदार्थ आणि त्यात कापूर, आपला आरतीचा कापूर, तोच. 1870 मध्ये अमेरिकेत हायटने पेटंट घेतलं. त्यामुळे अस्सल जुना पंप ओळखायची एक युक्ती आहे, अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, नाही आला तर नंतरचं प्लॅस्टिक. आमच्या आईने असल्या एका पंपाचा वास घेतला आणि म्हणाली देव्हाऱ्यात ठेव. पण जपून, हे भडकन पेटतं, कुणी काडी लावून तपासायला सांगितलं तर ऐकू नका, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की आक्रसतं, तडकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलीवर असला पंप टिकणं अवघड आहे.

इटलीत फेलिचे साक्कीने 1917 मध्ये सिल्का ही पंपांची कंपनी काढली, फ्रान्समध्ये तशीच झेफाल. हे रेसवाले पंप, खुंट्यांवर अवलंबून नाहीत, लांबीच फ्रेमच्या मापाची, दांडीखाली पुढच्या पाईपपासून सीटच्या पाईपपर्यंत दाबून बसवायचे. सिल्काच्या इम्पेरो पंपाला काम्पान्योलोचं (रेसच्या सायकलींचे भाग करणारी इटालियन कंपनी) स्टीलचं तोंड लावलेलं दिसलं की विंटेजवाले वेडे होतात आणि किमती तशाच असतात. पण रॅले, हर्क्युलिस, हंबर असल्या सायकलींची रीत वेगळी, ती सांगतो.

ते तोंड प्रेस्टा व्हॉलसाठी आहे, म्हणजे रेसच्या सायकलींचा बारीक व्हॉल. आपल्या सायकलींना असतो तो वुड्सचा, काही जण डनलॉप व्हॉल म्हणतात. आत एक पितळी दांडा, त्याला बाजूला बारीक भोक, आणि भोकावर रबरी नळी चढवलेली, तीच आपली व्हॉलट्यूब जी दुकानात हातभर कापून मिळायची. पंपाची हवा भोकातनं रबर ढकलून ट्यूबमध्ये जाते आणि रबर परत भोकावर बसतं. शाळेत कुणावर राग असला की हाच व्हॉल ढिला करायचा, एका झटक्यात चाक बसायचं, सगळ्यांनी केलंय हे. तर या व्हॉलला जुन्या पंपाने हवा मारायची तर आट्यांची छोटी लवचिक जोडनळी लागते, एक टोक पंपाला, एक व्हॉलला. जुन्या इंग्लिश पंपात ती दांड्याच्या आतच ठेवलेली असते. बाजारात पंप बघताना आधी दांडा उघडून ती नळी आहे का बघा, नव्वद टक्के वेळा नसते, आणि विकणारा म्हणतो मिळते हो कुठेपण.

जाडीचं गणित पण इतिहासातलंच आहे. पंप जितका जाड तितकी एका दणक्यात हवा जास्त पण जोरही जास्त. आपल्या 28 इंची दीड इंच टायरला 45-50 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) पुरते, अडीच सेंटीमीटर जाडीच्या पंपाने शेवटच्या दणक्यांना साधारण 17 किलोचा दाब द्यावा लागतो, कुणालाही जमेल. तोच पंप रेसच्या 100 पीएसआयला 34 किलो मागतो. म्हणून रेसचे पंप बारीक आणि लांब, दोन सेंटीमीटरचा असेल तर 22 किलोत भागतं, फक्त दणके वाढतात. रोडस्टरवर, म्हणजे आपल्या साध्या उभ्या सायकलीवर, असला बारीक पंप लावला की दिसायला छान आणि मारता मारता जीव जातो.

आत असतो चामड्याचा वायसर, वाटीच्या आकाराचा. दाबताना हवेनेच त्याची कड पाईपला चिकटते, ओढताना कड आत वळते आणि बाजूने नवी हवा येते. जुना पंप हवा मारत नाही म्हणून टाकून देऊ नका, दहातले आठ नुसते वाळलेले असतात, तेलात रात्रभर भिजत ठेवा आणि कड बोटाने बाहेर वळवा. खोबरेल तेल मात्र नको, मी तेच घातलं होतं आणि डिसेंबरात सकाळी पंप जाम, कारण 24 डिग्रीखाली ते थिजतं आणि सांगलीत थंडीत पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो. मशीनचं तेल घाला.

मग आपल्याकडे हे पंप गेले कुठे? माझा अंदाज साधा आहे. विलायतेत सायकल क्लबवाले गावापासून चाळीस मैल लांब जायचे, आपल्याकडे सायकल ही दुधाच्या किटल्या, डबा, शाळा, आयर्विन पुलावरनं सांगलीवाडीला जायचं, यासाठी होती आणि दर चौकात पंक्चरवाला. शिवाय स्प्रिंगवर बसवलेली वस्तू एका हाताने निघते, बाजारात सायकल लावली की आधी पंप जाणार. पुढे आपल्याच कारखान्यांच्या सायकली घराघरात आल्या, मद्रासला 1949 पासून टीआय, सोनीपतला 1951 पासून ॲटलस, आणि त्यांचं गिऱ्हाईक कॅरियर मजबूत आहे का विचारायचं, खुंट्या कोण विचारतो. विलायतेत हे उशिरा झालं, माउंटन बाइकच्या वेड्यावाकड्या फ्रेमी आल्या आणि खिशात मावणारे मिनी पंप आले तेव्हा.

माझ्या सायकलीवर दोन खुंट्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर टेपने मोजलं, बरोबर 18 इंच. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एक काळा लोखंडी पंप मिळाला, नाव पुसलेलं, वास कापराचा नाही, घामाचा. वायसर बदलला, जोडनळी नव्हतीच, ती मिरजेत एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने डब्यातनं काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत, फक्त पंप दोनदा मारून बघितला.