‘रूल ऑफ थम्ब’ आणि बायकोला मारायची काठी

हिंजवडीतल्या ट्रेनिंगपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एक गोष्ट फिरत असते: अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची इंग्लंडच्या कायद्यात मुभा होती, म्हणून ढोबळ ठोकताळ्याला इंग्रजीत ‘रूल ऑफ थम्ब’ (अंगठ्याचा नियम) म्हणतात!

असा कायदा नव्हता. न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याची आवई १७८२ मध्ये उठली. पुरावा शून्य. पण व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने अंगठ्यासारख्या टोकांच्या काठ्यांच्या मोळ्या नेणारा ‘जज थम्ब’ रंगवला आणि बिचाऱ्या बुलरला ते कायमचं चिकटलं.

मुळात शब्दप्रयोग याहून जुना. विल्यम होपच्या १६९२ च्या तलवारबाजीवरच्या पुस्तकात तो आहे: शास्त्राने नव्हे, ‘रूल ऑफ थम्ब’ने लढणारा. म्हणजे सवयीचा ठोकताळा. सदाशिव पेठेतली आजी तांदळावर पेरभर पाणी ठेवते, तसा. काठीचा संबंधच नाही.

बायकांना मारहाण होत होती, हे मात्र खरं. १८६८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका न्यायाधीशाने अंगठ्याच्या जाडीचा हवाला देऊन नवऱ्याला सोडलंही. निर्लज्जपणाच तो! वाक्प्रचाराशी त्याची सांगड घातली गेली ती थेट १९७० च्या दशकात.