टरबुजाचं रोप लहानच का देतो?

“अजून आठ दिवस ठेवा, रोप जरा मोठं होऊ द्या.” लागवडीच्या हंगामात आमच्या रोपवाटिकेत हे रोज ऐकायला मिळतं. टरबुजाला ते चालत नाही.

मिरची-टोमॅटोचं मूळ थोडं तुटलं तरी नवं फुटतं. टरबुजाचं मूळ दुखावलं की वेल अडून बसते, आणि 65 ते 75 दिवसांच्या पिकात गेलेले दिवस भरून निघत नाहीत. 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका रोपाला चिमूटभरच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिळतं. रोप जुनं झालं की मूळ तळाशी गोल फिरतं. लावल्यावर वरून हिरवं दिसतं, पण मूळ कोकोपीटच्या गड्ड्याबाहेर लवकर निघत नाही आणि ऊन तापलं की वेल माना टाकते. म्हणून बीदलांनंतरची दोन खरी पानं आली आणि गड्डा न फुटता निघाला, की आम्ही रोप देतो. बी टाकल्यापासून साधारण 12 ते 15 दिवस. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थोडे जास्त.

खरा घोळ पुढे होतो. रोपं घरी जातात आणि बेडवर (गादीवाफ्यावर) प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरायचा राहिलेला असतो. ट्रे आठवडाभर कडुलिंबाच्या सावलीत राहतात, रोपं लांबट होतात, आणि मग “रोपं कमजोर दिली” म्हणून फोन येतो. बेड, ड्रीप, पेपर तयार असेल तरच रोपं न्या.

आदल्या दिवशी बेड भिजवा, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, दुपारी चारनंतर लावा. गड्डा मातीच्या बरोबरीत ठेवा. खोड गाडलं तर बुंधा कुजतो. पेपरचं छिद्र मातीने बुजवा, नाहीतर आतली गरम वाफ कोवळं खोड भाजते. काळ्या रानात रोज तास-तास ड्रीप सोडू नका. चिखलात मुळाला हवा मिळत नाही, ते वरवरच राहतं आणि फळ पोसायच्या वेळी वेल दम सोडते. बोटभर खालची माती चाचपूनच पाणी द्या. वेली पळू लागल्या की उलटसुलट करू नका.

सहा बाय सव्वा फुटांवर एकरी सुमारे 5,800 रोपं लागतात. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला शंभरामागे दोन रोपं आम्ही जादा देतो. त्या आठवडाभरातच भरा. बुकिंग लागवडीच्या 20 दिवस आधी करा, म्हणजे तुमच्या तारखेला धरून बी टाकता येतं.