नास्कारच्या ट्रक रेसेस आल्या कुठून?

नास्कार, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या (वरून शोरूमच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांच्या) रेसेस भरवणारी संस्था. तिचं नाव घेतलं की अमेरिकेचं साउथ, चोरटी दारू पोहोचवणारे ड्रायव्हर, डेटोनाचा बीच हेच किस्से निघतात, पण ट्रक सिरीजचं मूळ पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात आहे. तिथे वाळवंटात ऑफरोड रेसिंग करणारे चौघे होते, डिक लँडफील्ड, जिमी स्मिथ, जिम व्हेनेबल आणि फ्रँक व्हेसेल्स. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यांच्या डोक्यात आलं की पिकअप ओव्हलवर, म्हणजे लंबगोल डांबरी ट्रॅकवर, का पळवू नये? त्यांनी एक नमुना ट्रक बनवून घेतला आणि १९९४ च्या फेब्रुवारीत, डेटोना ५०० या नास्कारच्या सगळ्यात मोठ्या रेसच्या गर्दीच्या दिवसांत, थेट डेटोनाला नेऊन उभा केला. लोकांना आवडला.

इथे एक सांगायला हवं, हे आपल्या बुद्ध सर्किटवर २०१४ ला धावलेल्या टाटा प्राइमासारखे अवजड ट्रक नव्हेत. हा पिकअप, मागे हौदा असलेला, आणि तोही दिसण्यापुरताच, वरचा पत्रा काढला तर आत पाइपांची चासी आणि व्ही-८ इंजिन, म्हणजे स्टॉक कारच.

नास्कारने इतक्या पटकन मनावर का घेतलं? माझ्या मते उत्तर शोरूममध्ये आहे. अमेरिकेत पिकअप ढीगाने खपतात, फोर्डची एफ-सिरीज तर १९८० च्या दशकापासून विक्रीत वरच असते, मग जी गाडी घराघरात उभी आहे तिची रेस कंपन्यांना नको असेल का?

जुलै १९९४ मध्ये बेकर्सफील्डच्या मेसा मरीन ट्रॅकवर प्रदर्शनी रेस झाली, ती पी. जे. जोन्सने मारली. मग ५ फेब्रुवारी १९९५ ला फीनिक्सला पहिली अधिकृत पॉइंट्सची रेस, माइक स्किनरने टेरी लबॉन्टीला मागे टाकून जिंकली, आणि त्या सीझनचा चॅम्पियनही स्किनरच, रिचर्ड चिल्ड्रेसच्या टीमकडून. सिरीजचं नाव तेव्हा सुपरट्रक, सोबत क्राफ्ट्समन, म्हणजे तेव्हा सियर्स या दुकानसाखळीचा असलेला पाने-पक्कडचा ब्रँड. पुढच्याच वर्षी 'सुपर' गेलं आणि क्राफ्ट्समन नावातच बसलं, ते २००८ पर्यंत, आणि २०२३ ला परत आलं.

मला सगळ्यात मजा वाटते ती सुरुवातीच्या नियमांची. बरेचसे ट्रॅक छोटे, ट्युसनसारखे, तिथे धड पिट रोडच (रेसमध्ये टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) नाही, आणि टीम पण गरीब, टायर बदलणारी पगारी माणसं सगळीकडे न्यायची कुठून. म्हणून यांनी रेसमध्ये चक्क हाफटाइम ठेवला! अर्ध्यावर सगळे थांबायचे, पेट्रोल भरायचं, टायर बघायचे, टीव्हीवाले ड्रायव्हरला माइक लावायचे, मग पुन्हा सुरू. जुन्या फॅन्सना हा पोरखेळ वाटायचा, पण खर्च वाचायचा हे खरं. काही वर्षांत हाफटाइम गेला आणि नेहमीचे पिट स्टॉप आले. दुसरा नियम मात्र टिकला, शेवटी अपघात होऊन पिवळा झेंडा (गाड्या हळू चालवा) लागला तरी रेस रांगत संपवायची नाही, जादा लॅप घेऊन हिरव्या झेंड्यावर फिनिश करायची. नास्कारच्या मुख्य कप सिरीजने हे २००४ ला उचललं, म्हणजे धाकट्याकडून थोरला शिकला.

२००० साली ट्रक पहिल्यांदा डेटोनाच्या अडीच मैलांच्या ओव्हलवर गेले. चौकोनी बॉडी हवा जास्त फाडते, त्यामुळे मागच्याला जबरदस्त ओढ मिळते आणि सगळे घोळक्यानेच पळतात, त्याचा परिणाम पहिल्याच रेसमध्ये दिसला. जेफ बोडाइनचा ट्रक कुंपणाच्या जाळीवर आदळला, पेटला, कोलांट्या खात गेला, माणूस वाचला हे नशीबच. रेस माइक वॉलेसने जिंकली पण आठवतो तो अपघात.

पुढे २००४ ला टोयोटा आली, तेव्हा जपानी कंपनी इथे कशाला म्हणून बरीच कुरकुर झाली, त्याच वर्षी मिशिगनला ट्रॅव्हिस क्वापिलने त्यांना पहिला विजय दिला. २०१३ ला एल्डोराच्या मातीच्या ट्रॅकवर रेस, १९७० नंतर नास्कारच्या राष्ट्रीय सिरीजची पहिलीच मातीवरची, ती ऑस्टिन डिलनची. त्याच वर्षी मार्टिन्सव्हिलला बबा वॉलेस जिंकला, वेंडेल स्कॉटनंतर राष्ट्रीय पातळीवर जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर, मधे ५० वर्षं गेली.

आणि २०१६ ला प्लेऑफ आले, म्हणजे चॅम्पियन ठरवायला सीझनच्या शेवटी बाद फेऱ्या. त्याचं फळ असं की २०१९ ला मॅट क्राफ्टन अख्ख्या सीझनमध्ये एकही रेस न जिंकता चॅम्पियन झाला, नियमात बसतं ते, पण मला नाही पटलं बुवा.