पुण्यात गाडीशिवाय पान हलत नाही?

नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं जातं. आता ते सरसकट खरं नाही. २०२४ पासून वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट हे मेट्रोमार्ग सुरू आहेत. गाडी बदलायची ती जिल्हा न्यायालय स्थानकात. मंडईला उतरायचं, मेथीची जुडी पिशवीत टाकायची आणि परत फिरायचं. पार्किंग शोधत चकरा मारायला नकोत. माझं तर यातच सगळं भागतं.

मात्र उंड्री, सूससारख्या भागांत अजून पीएमपीच्या बसवरच भिस्त, रात्री उशिरा तर रिक्षाच. म्हणून आधी घर बघा, स्थानकापर्यंत स्वतः चालून पाहा, मग कारचं ठरवा. दारात नुसत्या उभ्या कारचाही विमा भरावाच लागतो.