वुडकॉक : क्षेत्रीय अभ्यास
वुडकॉक हा पाणलाव्याच्या कुळातील, पण पाणथळीपेक्षा ओलसर रानात रमणारा, लांब चोचीचा पक्षी आहे. वाळक्या पाचोळ्यात मिसळून जाणारा पिसारा आणि संधिप्रकाशातील वावर यांमुळे तो क्वचितच दिसतो. त्यामुळे त्याची गणना बव्हंशी ऐकूनच केली जाते. यूरेशियन जाती (स्कोलोपॅक्स रस्टिकोला) हिमालयात घरटी करते व हिवाळ्यात निलगिरीपर्यंत उतरते. गणनेची पद्धत मात्र उत्तर अमेरिकेतील जातीवर (स्कोलोपॅक्स मायनर) अधिक काळ घासूनपुसून घेतली गेली आहे.

वसंतात सूर्यास्तानंतर या जातीचा नर रानातील मोकळ्या जागी उतरून नाकात बोलल्यासारखा ‘पींट’ असा आवाज पुनःपुन्हा काढतो व मग गिरक्या घेत उंच चढतो. चढतानाची बारीक शीळ पंखांच्या कडेच्या तीन अरुंद पिसांतून निघते, तर उतरतानाची किलबिल कंठातील असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील गणना १९६८ पासून याच आवाजावर आधारलेली आहे. सुमारे ५·८ किमी. लांबीच्या रस्त्यावर दहा थांबे घेऊन प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे कान देतात. आकाश निरभ्र असल्यास सूर्यास्तानंतर २२ मिनिटांनी, दाट ढग असल्यास १५ मिनिटांनी प्रारंभ करून ३८ मिनिटांत काम आटोपावे लागते.

या आकड्यांतून नेमके काय मोजले जाते, याविषयी मतभेद आहेत. एकच नर एकाहून अधिक मोकळ्या जागा वापरू शकतो, काही नर गप्प राहतात आणि मादी तर मोजदादीत येतच नाही; शिवाय रस्त्याकडेचे रान आतल्या रानाहून वेगळे असू शकते. तेव्हा हे आकडे पक्ष्यांची संख्या नव्हे, तर चढउतार दाखवणारा निर्देशांक मानणेच सयुक्तिक दिसते. ब्रिटनमध्ये संध्याकाळी डोक्यावरून जाणाऱ्या नरांच्या फेऱ्या मोजून त्यांवरून नरांची संख्या काढतात. तेथील अंदाज २००३ मध्ये सुमारे ७८,०००, तर २०१३ मध्ये सुमारे ५५,००० होता.

पिलांचा शोध प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने घेतला जातो. अमेरिकी जातीच्या पिलाची चोच जन्मतः सुमारे १४ मिमी. असून ती रोज जवळजवळ २ मिमी. वाढते, म्हणजे ३० मिमी. चोचीचे पिलू साधारण आठ दिवसांचे ठरते. मादी पिलाला पायांत धरून उडते, अशी वर्णने जुन्या लेखनात वारंवार येतात. अनेक अभ्यासकांना ती संशयास्पद वाटतात. दचकलेली मादी शेपूट खाली झुकवून व पाय लोंबते ठेवून संथ उडते, त्यावरून हा ग्रह झाला असावा, हा खुलासा अधिक पटण्याजोगा आहे.

अधिवासाबाबत एकमत अधिक आहे. गांडुळे असलेली मऊ, ओली माती, वर आल्डर किंवा अॅस्पेनची दाट कोवळी झाडी आणि जवळच मोकळी जागा, असे तिहेरी रान या पक्ष्याला लागते. झाडी वयस्क झाली की तो तेथून हटतो; घटत्या आकड्यांचे मुख्य कारण शिकारीपेक्षा हेच असावे, असे बहुतेकांचे मत आहे. मेन राज्यातील मूसहॉर्न अभयारण्यात (स्थापना १९३७) पट्ट्यापट्ट्यांनी झाडे तोडून असे रान राखले गेले.