पीक जैवसुरक्षा आणि कीटकशास्त्रज्ञाचं काम (बेळगाव सीमाभाग)

पीक जैवसुरक्षा म्हणजे बाहेरची कीड शिवारात शिरू न देणं, आणि शिरलीच तर पसरायच्या आधी ओळखून आवरणं. बंदरावर, विमानतळावर तपासणी होते, त्यासाठी १९१४ चा कायदा आहे आणि आयात मालासाठी २००३ चा आदेश. पण एकदा कीड देशात आली की निपाणी-कागल रस्त्यावर तिला कोण अडवणार? तिथून पुढचं सगळं ओझं शेतात फिरणाऱ्या कीटकशास्त्रज्ञावर येतं.

या भागात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे उसावरचा लोकरी मावा. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो उफाळला आणि काही महिन्यांतच इकडे बेळगाव, बागलकोटच्या उसात दिसायला लागला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वरच्या बाजूला चिकटा आणि त्यावर काळी काजळी. मावा वाऱ्याने तर पसरतोच, पण पानांबरोबरही जातो, आणि आपल्याकडे ऊस या राज्यातून त्या राज्यातल्या कारखान्याला जातो, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना वैरण म्हणून गावोगाव विकले जातात, म्हणजे किडीला गाडी आपणच दिली. वाढलेल्या उसात शिरून औषध मारणं जवळपास अशक्य, आणि मारलं तरी मित्रकीटकच आधी मरतात. शेवटी डिफा नावाची मावा खाणारी अळी, मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया ही इवलीशी परजीवी गांधीलमाशी कामी आली. मायक्रोमस वाढवून शेतात सोडण्याचं काम धारवाडच्या कृषी विद्यापीठाने केलं. माझ्या मते सीमाभागातल्या शेतीसाठी याच्याइतकं मोलाचं काम फार थोडं झालंय आणि त्याची आठवण फार कमी जण ठेवतात.

मग २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी आली, भारतातली पहिली नोंद कर्नाटकातच, शिवमोग्ग्याकडच्या मक्यावर. पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर उडू शकतो, त्यामुळे वाट बघत बसायला वेळच नसतो. ओळख सोपी आहे, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. पण हे न बघता "अळी आहे ना, मारा औषध" असंच बहुतेक ठिकाणी चालतं, अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, खोल बसलेली असते आणि फवारा वरच्यावर वाया जातो. दमट हवेत मेटारायझियम रिलेयी ही बुरशी या अळ्या मारते, तिलाही बुरशीनाशकाच्या नको तेव्हा मारलेल्या फवाऱ्याने धक्का बसतो.

रोजचं काम तसं साधं असतं, कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने ओढले गेलेले नर) पतंग मोजणं, ठरावीक शेतात पानं उलटून बघणं, नमुने घेणं. टोमॅटोवरची टुटा अळी २०१४ मध्ये पुण्याकडे सापडली, आणि रोपं, क्रेट, बाजारातला माल यांतूनही ती पसरते, म्हणून नर्सरीची रोपं तपासणं हे शेतातल्या सापळ्याइतकंच महत्त्वाचं. नवीन काही वाटलं तर नमुना बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेकडे पक्क्या ओळखीसाठी जातो.

शेतकऱ्याने अनोळखी कीड दिसली तर ती चिरडू नये, स्पिरिटच्या बाटलीत टाकावी, खाल्लेलं पान कागदात गुंडाळावं, गाव, पीक, तारीख लिहावी आणि रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावी, फवारणी त्यानंतर.